दुनळीचा दस्ता, साडेसहाशेचं रबर आणि चप्पल ओळीतलं कातडं

आठ महिन्यांपूर्वी बंदुकीच्या दस्त्यासाठी, म्हणजे खांद्याला टेकतो त्या लाकडी भागासाठी, रबरी टोपण घेतलं तेव्हाच हे लिहिणार होतो. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. बरं झालं आळस केला.

बंदूक आबांची. बाराबोर, दोन चापांची, २८ इंची नळ्यांची साधी दुनळी. त्यांच्यानंतर परवाना वारसाने माझ्या नावावर झाला. आबा पाच फूट तीन इंच, मी पाच अकरा. पुढच्या चापापासून दस्त्याच्या टोकाच्या मध्यापर्यंत टेप लावली तर पावणेचौदा इंच भरतं. माझ्या मापाला साडेचौदा तरी हवं, म्हणजे फरक पाऊण इंचाचा. पाऊण इंचाने काय होतंय असं मलाही वाटायचं. पण बार काढला की अंगठ्याचं पेर नाकावर आदळतं आणि चापाची कडी मागून मधल्या बोटावर. महिन्यातून एकदा जिल्ह्याबाहेरच्या रेंजवर हवेत उडवलेल्या पंचवीस तबकड्या मारायच्या आणि काळंनिळं बोट घेऊन घरी यायचं. बायको विचारायची, "नेम नक्की कुणावर धरता?"

दुकानात दाखवली. त्यांनी दस्ता माझ्या कोपराच्या खळगीत टेकवला, बोट चापाला पोचतंय बघितलं आणि म्हणाले, "साहेब, माप बरोबर आहे." ही कोपराची परीक्षा कुणी काढली त्याला एकदा भेटायचंय मला. बंदूक खांद्याला लागते, गाल दस्त्यावर टेकतो, डोळा नळ्यांमधल्या पट्टीवरून बघतो. ह्यात मान किती लांब, छाती किती भरलेली, गाल किती मांसल हे सगळं येतं. हात दुमडून काढलेल्या मापात ह्यातलं एकही येत नाही. तरी सगळे तेच करतात.

मागे लाकडाचा तुकडा जोडून दस्ता वाढवायचे साडेचार हजार आणि महिनाभर मुदत सांगितली. मित्र म्हणाले, गल्लीतला सुतार दोनशेत करेल. करेल हो, पण बंदुकीच्या दुरुस्तीला परवानावालाच लागतो, आणि दोनशे रुपयांसाठी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढायची हौस मला नाही. म्हणून साडेसहाशेचं, दस्त्यावर मोज्यासारखं चढणारं इंचभर जाडीचं रबर ऑनलाइन मागवलं. इंच म्हणजे पाव इंच जास्तच, पण मिळत होतं तेवढंच.

पहिले दोन महिने स्वर्ग. नाक वाचलं, बोट वाचलं, खांद्याला धक्का निम्मा वाटायला लागला. तबकड्या मात्र पूर्वीपेक्षा कमी फुटत होत्या. ते मी वयावर ढकललं.

मग रेंजवरच्या एका जाणत्या माणसाने फ्लेक्स लावायला सांगितला. कोल्हापुरात फ्लेक्सला तोटा नाही. कुणाच्या तरी वाढदिवसाचा उलटा करून मागच्या पांढऱ्या बाजूवर काळा ठिपका काढला, १६ यार्डांवरून त्याच्यावर सहा बार टाकले. छऱ्यांचा घोळका प्रत्येक वेळी ठिपक्याच्या अडीच-तीन इंच खाली.

कारण कळायला एक रात्र गेली. रायफलीला मागे दर्शक असतो, छऱ्याच्या बंदुकीला नसतो. तिथे तुमचा डोळाच मागचा दर्शक. तो जिथे असेल तिथून नळीच्या तोंडावरच्या माशीपर्यंत, म्हणजे बारीक मण्यापर्यंत रेघ. आबांच्या बंदुकीचा दस्ता जुन्या पद्धतीचा, मागे चांगलाच उतरता: पुढच्या टोकाला पट्टीच्या रेषेपासून दीड इंच खाली, मागच्या टोकाला, म्हणजे टाचेला, तीन इंच. मधे नऊ इंच लांबी. म्हणजे दस्ता लांबल्यामुळे गाल इंचभर मागे सरकला की डोळा चार मिलिमीटर खाली जातो. डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंत साधारण ३७ इंच आणि १६ यार्ड म्हणजे ५७६ इंच, पंधरा पटींहून थोडं जास्त. चार मिलिमीटरचे साठच्या वर होतात, जवळजवळ अडीच इंच. चाळीस यार्डांवर हाच फरक सहा इंच. मी लांबी दुरुस्त करताना उंची बिघडवली होती, आणि लांबीसाठी पैसे देऊन.

तेव्हापासून मला दस्त्यांचं वेड लागलंय. पाहुण्यांना घेऊन न्यू पॅलेसच्या संग्रहालयात गेलो तर ते पेंढा भरलेले वाघ बघत होते आणि मी काचेआडच्या बंदुकांचे उतार. आपल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं त्या प्रकारातल्या रायफलींना गालाची पट्टी वर-खाली आणि टाच मागे-पुढे करायचे स्क्रू असतात. किल्ली फिरवली की झालं. आमच्या दुनळीला मापासाठी फक्त देव.

तरी रबर चालवून घेतलं असतं. मधे आचारसंहिता लागली, बंदूक महिनाभर ठाण्यात जमा, आणि मी शहाण्याने रबर चढवलेलंच ठेवलं. परत आणली तर ते लाकडाला चिकटून बसलेलं. सोलून काढावं लागलं, खाली पॉलिशवर काळं कडं. आबांनी चाळीस वर्षं तेलपाणी केलेल्या लाकडावर! कंपनीला फोटो पाठवले तर उत्तर आलं की वापर झाल्यावर काढून ठेवणं अपेक्षित आहे. पाकिटावर तसं एक अक्षर नाही. चूक माझीही आहे, मान्य. पण त्यांची जास्त. शिवाय हे रबर अंगात घासतं, बंदूक वर घेताना काखेपाशी शर्टाला धरून बसतं. तबकडी निघून जाते, आपण शर्ट सोडवत असतो.

शेवटी चप्पल ओळ, कोल्हापुरी चपलांच्या दुकानांची. बंदूक घेऊन तिथे जायचं नाही, कुणाकडे ठेवायचीही नाही, म्हणून पुठ्ठ्यावर दस्त्याची आकृती काढली, तीन ठिकाणचा घेर दोऱ्याने मोजला आणि ते सगळं एका कारागीर काकांपुढे मांडलं. त्यांनी पुठ्ठा उलटसुलट करून बघितला.

"ह्याचा जोड कुठं हाय?"

"जोड नाही काका, एकच."

"मग दोन पायांचं पैसं कसं घेऊ?" म्हणाले, आणि नऊशे घेतले.

बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं म्हशीचं कातडं, वादीने शिवलेलं, खालून बांधायला दोन बंद. मागे तळाच्या कातड्याच्या तीन चकत्या, मिळून पाऊण इंच. गालाखाली दोन मिलिमीटरचे दोन थर, वरचा सुटा. तो पुढे मी अर्धा तासून पातळ केला. थंडीत स्वेटर असेल तर मागची एक चकती काढायची, मेमध्ये परत घालायची. कपड्याची जाडी मापात धरायची असते हे मला दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

आता घरी दोन्ही नळ्या उघडून, रिकाम्या बघून, डोळे मिटून बंदूक खांद्याला घेतो. डोळे उघडले की माशी पट्टीच्या बरोबर मधे, नाक आणि अंगठ्यात दोन बोटं जागा. फ्लेक्सवर घोळका ठिपक्यावर. गेल्या वेळी पंचवीसपैकी सतरा फुटल्या, पूर्वी अकराच्या वर कधी गेलो नव्हतो. कातडं शर्टावरून सरकतं, अडकत नाही. ह्या एका गोष्टीसाठी मी अजून नऊशे दिले असते, काकांना सांगू नका.

तक्रारी आहेत. नव्या चपलेसारखं करकरतं. पहिल्या पावसात बुरशी आली, तेलाचा हात फिरवावा लागला. घामाने गालाखालचा भाग काळा पडलाय. लाकडावरचं रबराचं कडं अजून गेलेलं नाही, कातड्याखाली झाकलं जातं एवढंच. आणि आता प्रत्येक वेळी बंद सोडून कातडं वेगळं काढून ठेवतो. पुढच्या आचारसंहितेला ठाण्यात नुसती बंदूक जाईल.