संगणकाचा वेग वाढवून देतो म्हणणाऱ्याने माझं एक वर्ष नेलं

त्या माणसाने मला पडद्यावर जे जे दाखवलं ते जवळजवळ सगळं खरं होतं. लाल खुणा खऱ्या होत्या, आकडे खरे होते, त्याने उघडलेल्या खिडक्या विंडोजच्याच होत्या. खोटा होता तो त्याने सांगितलेला अर्थ. एवढी एक गोष्ट समजायला मला जवळजवळ वर्ष लागलं. तुमचाही जुना संगणक सध्या रडतखडत चालत असेल, तर कुणाला फोन करण्याआधी हे वाचा.

आमचा घरचा डेस्कटॉप दहा वर्षांचा. बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत सात-आठ मिनिटं जायची. ब्राउझरवर क्लिक करावं आणि उठून दुसरं एखादं काम उरकून यावं, अशी गत होती. आतून सतत बारीक खरखर ऐकू यायची. नवा घे, असं घरात सगळेच म्हणत होते. पण मला तो सोडवत नव्हता. आईच्या शेवटच्या दोन वर्षांत तिच्याशी मारलेल्या गप्पा मी रेकॉर्ड करून त्याच्यावर ठेवल्या होत्या. चाळीस फायली, आणि दुसरी प्रत कुठेही नाही.

एका रात्री वैतागून मी संगणक जलद कसा करायचा ते शोधलं आणि सगळ्यात वरच्या दुव्यावर क्लिक केलं. ती जाहिरात आहे असं शेजारी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. मी ते पाहिलं नाही. तिथून एक फुकटचा 'क्लीनर' उतरवून घेतला. त्याने दोन मिनिटांत अख्खा संगणक तपासला म्हणे, आणि लाल अक्षरांत आकडा दाखवला: १,३८७ समस्या. खाली बटण होतं, 'सगळ्या दुरुस्त करा'. ते दाबलं की पैसे भरायचं पान उघडायचं.

त्या १,३८७ मध्ये काय होतं ते आता मला माहीत आहे. बरंचसं म्हणजे वेबसाइटींनी ठेवलेल्या कुकीज आणि रजिस्ट्रीतल्या जुन्या नोंदी. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची सेटिंगांची वही. काढून टाकलेल्या प्रोग्रामच्या काही ओळी तिच्यात राहून जातात, पण त्यांच्यामुळे संगणक मंद होत नाही आणि त्या पुसल्याने तो पळायलाही लागत नाही. रजिस्ट्री साफ करणाऱ्या असल्या प्रोग्रामना आपला पाठिंबा नाही, असं खुद्द मायक्रोसॉफ्टने सांगितलेलं आहे. नको ती ओळ उडाली तर उलट विंडोजच बिघडू शकतं.

आणि हे सगळे प्रोग्राम निदान प्रामाणिकपणे मोजतात, असंही समजू नका. अमेरिकेतलं एक प्रकरण मी नंतर वाचलं. ऑफिस डेपो या दुकानांच्या साखळीत गिऱ्हाइकाचा संगणक फुकट तपासून द्यायचे. तपासणीआधी चार प्रश्न विचारत: संगणक मंद चालतो का, व्हायरसच्या सूचना येतात का, मध्येच बंद पडतो का, जाहिरातींच्या खिडक्या उघडतात का. यातल्या एका जरी चौकटीत खूण केली, की 'मालवेअरची लक्षणं आढळली' हा निकाल ठरलेला. प्रत्यक्ष तपासणीचा त्या निकालाशी काही संबंधच नव्हता. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केली, आणि २०१९ मध्ये ती साखळी आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी यांना मिळून साडेतीन कोटी डॉलर भरावे लागले. 'मंद चालतो' एवढं आपण म्हणायचा अवकाश, आजार आधीच लिहून तयार असतो. मी हे आधी वाचलं असतं तर, असं आजही वाटतं.

मी पैसे भरले. लगेच खिडकी आली: सक्रिय करण्यासाठी या क्रमांकावर फोन करा.

फोनवरचा माणूस अतिशय नम्र होता. घाई नाही, आवाज चढवणं नाही. त्याने माझ्याकडून एक रिमोट प्रोग्राम उतरवून घेतला आणि नऊ आकड्यांचा क्रमांक विचारला. मी तो सांगितला आणि माउसचा बाण माझ्या हाताशिवाय हलू लागला. असले प्रोग्राम वाईट नसतात, कितीतरी कार्यालयांत त्यांच्यावर रोज काम चालतं. पण तो क्रमांक सांगणं म्हणजे घराची किल्ली हातात देणं, हे त्या क्षणी मला जाणवलं नाही.

त्याने आधी 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडला, म्हणजे विंडोज स्वतःच्या घडामोडींच्या नोंदी ठेवतं ती खिडकी. लाल गोळे, पिवळे त्रिकोण, खाली सरकवत जावं तरी संपेनात. "सर, हे सगळं मी केलेलं नाही, हे तुमच्याच मशीनमध्ये आहे," तो म्हणाला. मग काळी खिडकी उघडून त्याने 'नेटस्टॅट' असं टाइप केलं. एक यादी आली, तिच्यात एका रकान्याचं नाव 'फॉरेन ॲड्रेस'. "फॉरेन म्हणजे परदेशातले लोक, सर. आत्ता या क्षणी तुमच्या मशीनला जोडलेले आहेत." मग त्याने 'ट्री' टाइप केलं. फोल्डरांची नावं धबधब्यासारखी खाली कोसळू लागली आणि सगळ्यात शेवटी ओळ आली की व्हायरस सापडला, सुरक्षा संपली. कोसळणाऱ्या नावांत माझी नजर आईच्या फोल्डरवर पडली. मी ते बोलून दाखवलं. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "तेच वाचवायचंय आपल्याला, सर."

त्या वाक्यावर मी वर्षभराची योजना घेतली.

यानंतर दोन-तीन दिवस संगणक खरंच जरा बरा चालला. हे मुद्दाम सांगतो, कारण माणूस इथेच फसतो. त्याने संगणकासोबत आपोआप सुरू होणारे दहा-बारा प्रोग्राम बंद केले होते. ते काम टास्क मॅनेजर या विंडोजमध्येच असलेल्या प्रोग्रामच्या 'स्टार्टअप' पानावर कुणालाही पाच मिनिटांत करता येतं. त्याबरोबर त्याने 'मेमरी बूस्टर'ही बसवला होता. त्याचं बटण दाबलं की मेमरीचा आकडा ८५ वरून ४० वर यायचा आणि मला बरं वाटायचं. प्रत्यक्षात तो मेमरीतल्या गोष्टी उचलून डिस्कवर ढकलत होता, आणि त्या पुन्हा लागल्या की संथ डिस्कवरून परत आणाव्या लागत होत्या. म्हणजे जो अवयव आधीच धापा टाकत होता, त्याच्याच डोक्यावर जास्तीचं ओझं. पुढे दर महिन्याला तो आत शिरायचा, काहीबाही खिडक्या उघडून मिटायचा आणि म्हणायचा, आता ठीक आहे.

अकराव्या महिन्यात फोन आला. आवाज वेगळा. कंपनी ही सेवा बंद करतेय, तुमचे पैसे परत द्यायचेत. त्यासाठी बँकेचं पान उघडा. मी उघडलं. पडदा काही सेकंद काळा झाला. परत दिसला तेव्हा माझ्या शिलकीत परताव्याच्या दसपट रक्कम वाढलेली. फोनवरचा माणूस एकदम रडवेला झाला. एक शून्य जास्त पडलं, सर, माझी नोकरी जाईल, वरची रक्कम आत्ताच्या आत्ता परत पाठवा.

मला त्याची दया आली होती, हे खरं. परत पाठवायला मी फोनवरचं बँकेचं ॲप उघडलं, कारण संगणक नेहमीसारखा अडकला होता. ॲपमध्ये शिल्लक जुनीच होती. एका हातात फोन, समोर संगणक, खातं एकच आणि आकडे दोन. बँकेचं उघडलेलं पान आपल्या ब्राउझरमध्ये तात्पुरतं बदलून कोणताही आकडा लिहिता येतो. बँकेत काहीच हललेलं नसतं आणि पान पुन्हा उघडलं की खरा आकडा परत येतो. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. पण दोन आकडे खरे असू शकत नाहीत, इतकं कळलं. मी इंटरनेटची वायर उपटली आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर बँकेला फोन लावला. कार्ड बंद झालं. ही दुसरी रक्कम वाचली. पहिले पैसे मी स्वतःच्या हाताने भरले होते आणि त्याला वर्ष होत आलं होतं. ते आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भाची आली. ती संगणकाच्याच कामात आहे. मी तिला सगळं सांगितलं, लाल गोळ्यांपासून. ती काही बोलली नाही. स्वतःचा लॅपटॉप माझ्या संगणकाशेजारी ठेवला आणि त्यावर इव्हेंट व्ह्यूअर उघडला. चार महिन्यांपूर्वी घेतलेला लॅपटॉप. त्यातही तेच लाल गोळे, तेच पिवळे त्रिकोण. "मामा, ही बघ १००१६ क्रमांकाची नोंद. माझ्याकडे आहे, तुझ्याकडे आहे, दुर्लक्ष केलं तरी चालतं असं मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय." मग तिने नेटस्टॅट चालवलं. फॉरेन ॲड्रेस म्हणजे जोडणीचं समोरचं टोक, बस. आपण कोणतीही वेबसाइट उघडली की तिचा पत्ता त्या रकान्यात येतो. ट्री तर नुसती फोल्डरांची नावं छापतं, तपासत काहीच नाही. यादी पळत असताना कळफलकावर जे टाइप करावं ते यादी संपल्यावर खाली उमटतं. व्हायरसची ती ओळ त्याने हाताने लिहिली होती. तिने मला तसंच करून दाखवलं, शेवटी माझं नाव उमटवलं. ते बघताना मला जे वाटलं ते लिहिता येणार नाही.

त्याचा रिमोट प्रोग्राम अजून चालूच होता. माझ्या परवानगीची गरज पडू नये म्हणून त्याने त्यात स्वतःचा पासवर्ड घालून ठेवला होता. म्हणजे संगणक चालू असेल तेव्हा हवा तेव्हा तो आत येऊ शकत होता. माझे सगळे पासवर्ड आम्ही तिच्या लॅपटॉपवरून बदलले, या संगणकावरून नाही. तुमच्यावर अशी वेळ आली तर हा फरक विसरू नका. आधी इंटरनेट तोडा, मग बँक, मग दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड.

आणि मंदपणाचं खरं कारण? कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून तिने टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर रिकामा बसलेला आणि डिस्कचा रकाना १०० टक्क्यांवर, लाल. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी जुनी हार्ड डिस्क. तिच्यात वाचणारा काटा खरोखर इकडून तिकडे फिरतो, त्यामुळे विखुरलेल्या जागांवरून वाचायचं झालं तर सेकंदाला शंभरेक वेळाच वाचता येतं. एसएसडीत, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या नव्या पद्धतीच्या डिस्कमध्ये, हलणारा भागच नसतो, तिथे हाच आकडा हजारोंत जातो. पण इथे त्याहून वाईट होतं. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकटच्या प्रोग्राममध्ये डिस्कच्या तब्येतीसमोर पिवळी खूण होती. डिस्कचे तुकडे निकामी होत चालले होते आणि ती त्यांच्याजागी राखीव तुकडे वापरत होती. वाचता न आलेला तुकडा ती पुन्हा पुन्हा वाचायला जायची, तीच ती खरखर. गेलं वर्षभर मी ज्याला व्हायरस समजत होतो तो आवाज डिस्क मरत असल्याचा होता, आणि माझ्याकडून पैसे घेणाऱ्याने ती एकदाही तपासली नाही.

पुढचं काम दोन दिवसांत झालं. एसएसडी बसवली, मेमरी ४ जीबीची ८ केली, आतली धूळ काढली. इतक्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकटची प्रणाली घातली. आता संगणक अर्ध्या मिनिटात उभा राहतो. 'तुमचं विंडोज जुनं झालं म्हणून मंद झालं' असे फोन हल्ली येतात; अपडेट थांबल्याने सुरक्षेचा धोका वाढतो, वेग मात्र त्याने घटत नाही.

हे सगळं करण्याआधी भाचीने पहिलं काम केलं ते फायली बाहेर काढण्याचं. रात्रभर ती जुनी डिस्क वाचत बसली. खरखर, मग शांत, मग पुन्हा खरखर. सकाळी चाळीसपैकी एकोणतीस फायली निघाल्या. उरलेल्या अकरांचं नुसतं नाव दिसतं, उघडत काही नाही. वर्षभरापूर्वी काढल्या असत्या तर कदाचित सगळ्या निघाल्या असत्या, असं ती फार हळू आवाजात म्हणाली. तिसऱ्या फायलीत आई तिच्या शाळेबद्दल सांगत होती, एवढं मला आठवतं. काय सांगत होती ते आठवत नाही.