हातापायांवरचे पाणीदार फोड: चिनी काढ्यात बुडवणं की काढा पिणं?

तळहातावर, बोटांच्या कडेला साबुदाण्यासारखे खाजरे फोड उठून पाणी झिरपत असेल, तर आधी बाहेरूनच उपचार करावा. कू शेन, ह्वांग बाय आणि दी फू झी या चिनी वनौषधी प्रत्येकी ३० ग्रॅम, २ लिटर पाण्यात अर्धा तास भिजवून २० मिनिटं मंद आचेवर उकळा, गाळा. कोमट झाल्यावरच १५ मिनिटं हात-पाय बुडवा. गरम पाण्यानं खाज आणखी भडकते. ह्वांग बायमधल्या बर्बेरिन या पिवळ्या द्रव्यानं कातडी पिवळट दिसते, त्याची काळजी नको. खरी चूक पुढे होते: फोड सुकले तरी बुडवणं चालूच राहतं, कातडी कोरडी पडून भेगा पडतात. झिरपणं थांबलं की बुडवणं बंद, जाडसर मलम सुरू.

पिण्याचा काढा पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या त्रासासाठी देतात, पण त्यात जोखीम कितीतरी जास्त. लोंग दान श्ये गान थांग या चिनी काढ्यात मू थोंग ही वनौषधी असते. त्या नावाखाली ॲरिस्टोलोकिया या विषारी वेलीची जात आली, तर मूत्रपिंडं कायमची निकामी होऊ शकतात. अशा काढ्यांत वापरतात त्या बाय श्येन पी या वनौषधीमुळे यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. म्हणून सुरुवातीला आणि नंतरही ठरावीक काळानं रक्ततपासणी हवीच. गरोदरपणी काढा अजिबात नको.

फोडांत पू झाला, ताप आला किंवा लाल रेघ वर चढू लागली, तर दोन्ही थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.