“तेच आहे ताई, फक्त कंपनी वेगळी”

आईची बीपीची गोळी गेली सहा वर्षं एकच आहे. टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ एकत्र, नावापुढे ‘एएम’. एरवी मी ती नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या ठरलेल्या दुकानातून आणते. जूनमध्ये एका संध्याकाळी पाऊस धो धो कोसळत होता, म्हणून घराजवळच्याच, इंदिरानगरमधल्या एका मेडिकलमध्ये शिरले. काउंटरवरच्या पोराने चिठ्ठी बघितली आणि आतून दोन स्ट्रिप आणून ठेवल्या. नाव वेगळं दिसलं म्हणून विचारलं. “तेच आहे ताई, फक्त कंपनी वेगळी. कंटेंट सेम.” किंमतही जवळपास तेवढीच होती. किंमत तीच म्हणजे औषधही तेच, असा बावळट हिशोब करून मी पैसे दिले.

त्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ होतं.

आठवडाभरात आई रात्री चार-चार वेळा उठायला लागली. वय झालं, म्हटलं. मग भिंतीला हात लावून चालायला लागली. एका सकाळी “कुकर लावलास का?” हे तिने पाच मिनिटांत तीनदा विचारलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “औषध बदललंय का?” मी ठामपणे नाही म्हणाले. माझ्या डोक्यात ते बदललेलंच नव्हतं! रक्त तपासलं तर सोडियम १२४. ते १३५ ते १४५ असायला हवं. दोन दिवस अ‍ॅडमिट.

स्ट्रिप डॉक्टरांनीच मागवून घेतली. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं होतं: टेल्मिसार्टन ४०, हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५. हे दुसरं म्हणजे लघवी वाढवणारं औषध, आणि म्हाताऱ्या माणसांत त्याने सोडियम उतरू शकतं. ज्यांना गरज असते त्यांना डॉक्टर ते देतातच, पण तपासण्या करून, लक्ष ठेवून.

मी बिल घेऊन दुकानात गेले. खरा धक्का तिथे बसला. बिलावर नाव डॉक्टरांनी लिहिलेल्या ‘एएम’ गोळीचंच! दिलं एक, बिलात दुसरं. मालक म्हणाले, “कॉम्प्युटरमध्ये ऑटोमॅटिक येतं.” मग सूर चढला: “जेनेरिक आहे मॅडम, सरकारच म्हणतंय जेनेरिक घ्या.”

इथे एक सांगते, माझं जेनेरिकशी भांडण नाही. सासऱ्यांच्या शुगरच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून येतात आणि फार स्वस्त पडतात. पण ती स्वस्ताई आपल्या खिशात पडते. गोळे कॉलनीत होलसेलवाल्याकडे काम करणाऱ्या एका ओळखीच्याला मी स्ट्रिप दाखवली. तो हसला. म्हणाला, याला ट्रेड जेनेरिक म्हणतात. यात कंपनीचा एमआर, म्हणजे औषधाचा प्रचार करणारा प्रतिनिधी, डॉक्टरकडे जात नाही, माल थेट दुकानांना. छापील किंमत ब्रँडच्या आसपास, दुकानदाराची खरेदी मात्र त्याच्या कितीतरी खाली. मधला सगळा फरक गल्ल्यात.

आणि कायदा तर दुकानदाराच्या बाजूने नाहीच. औषधे नियम, १९४५ (आधीचं नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) मध्ये नियम ६५ चं पोटकलम ११-अ आहे. चिठ्ठीवर शेड्यूल एच किंवा एक्स (चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या याद्या) मधलं औषध असेल तर त्याच्या जागी दुसरी कुठलीही गोळी देता येत नाही, घटक तोच असला तरी. म्हणजे ‘कंटेंट सेम’ हे खरं असतं, तरीही त्याला परस्पर बदलता आली नसती. माल नसेल तर नाही म्हणायचं, नाहीतर डॉक्टरांना विचारायचं. डॉक्टरांनी ब्रँड न लिहिता घटकाचं नाव लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा कुठल्याही कंपनीचं चालतं. आणि स्ट्रिपशी ताडता यावं म्हणून आता मी डॉक्टरांकडून ब्रँडखाली घटकांची नावं मोठ्या अक्षरात लिहून घेते. शिवाय, चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावं लागतं. मला देणारा पोरगा बारावीची परीक्षा देऊन सुट्टीत कामाला लागलेला होता, हे नंतर त्यानेच सांगितलं.

तुम्ही एवढं करा: पैसे द्यायच्या आधी स्ट्रिप उलटी करून घटक चिठ्ठीशी ताडा. एएम, एच, सीटी ही शेपटं वेगवेगळी औषधं आहेत, नुसती अक्षरं नव्हेत. बिलावरचं नाव आणि हातातलं नाव एक आहे का बघा. स्ट्रिप कापून देत असेल तर नाव आणि एक्सपायरीचा तुकडा आपल्याकडे ठेवा.

मालकांनी न फोडलेल्या स्ट्रिपचे पैसे परत देऊ केले, त्या बदल्यात बिल मागितलं. मी दिलं नाही. त्याची झेरॉक्स आणि स्ट्रिपचा फोटो जोडून अन्न व औषध प्रशासनाच्या इथल्या कार्यालयात तक्रार दिली आहे, पोच घेतली आहे. त्यांनी पहिली स्ट्रिपही आहे का विचारलं. ती आईने रिकामी झाल्या दिवशीच घंटागाडीत टाकली होती. आता आई रिकामी पाकिटंसुद्धा चिवड्याच्या जुन्या डब्यात साठवते.