जोधपूरचा पत्र्याचा कूलर : मेमध्ये राजा, जुलैत अडगळ

उन्हाळ्याच्या तोंडावर जोधपूरच्या बाजारात दोन तऱ्हेचे डेझर्ट कूलर दिसतात. एक कंपनीचा, प्लॅस्टिक बॉडी आणि हनीकोम पॅडवाला, म्हणजे मधाच्या पोळ्यासारख्या घड्यांच्या जाड कागदी पॅडचा. दुसरा स्थानिक कारागिराने जस्ती पत्रा वाकवून केलेला, तीन बाजूंच्या जाळ्यांत वुडवूल, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू, भरलेला आणि पुढे 18 इंची पंखा लावलेला. वुडवूलला तिकडे सगळे 'घास' म्हणतात. राहतं घर आणि उघडता येईल अशी खिडकी असेल तर आमचं मत दुसऱ्याला.

मुळात कूलर चालतो तो हवा कोरडी असते म्हणून. त्या वेळी जोधपूर जिल्ह्यातच असलेल्या फलोदीला 19 मे 2016 रोजी 51 अंशांची नोंद झाली होती. तेवढं नेहमी नसतं, पण 44 अंश आणि 12 टक्के आर्द्रता ही मेमधली साधी दुपार. अशा हवेत ओल्या बल्बचं तापमान, म्हणजे नुसतं पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जिथवर गार होऊ शकते ते, 22 अंशांच्या आसपास असतं. म्हणजे फरक 22 अंशांचा. घास नीट भिजलेली असेल तर कूलर त्यातला पाऊण भाग कापतो आणि 27-28 अंशांची हवा देतो. नवा हनीकोम 25-26 पर्यंत उतरतो.

मग हनीकोम सरस असून पत्र्याला झुकतं माप का? पाण्यामुळे. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यावर हनीकोमच्या बारीक घड्या बुजत जातात, हवा कमी होते आणि नवा पॅड चांगलाच महाग पडतो. घास दर एप्रिलला फेकून नवी भरायची, विषय संपला. आंधी आली की पंखा बंद करून खिडकी लावा, नाहीतर ओल्या घासेवर धुळीचा चिखल थापला जातो.

पाण्याचा हिशेब खरेदीआधीच करा. वर सांगितलेल्या मेमधल्या हवेत दर 1000 घनमीटर हवेमागे 7-8 लिटर पाणी उडतं. त्यामुळे खोक्यावर 'ताशी 4000 घनमीटर' आणि शेजारीच '90 लिटरची टाकी 8 तास' असं छापलेलं असेल, तर मेमध्ये दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. तेवढ्या हवेला टाकी तीन तासांत रिकामी होईल. जोधपूरला बरंचसं पाणी इंदिरा गांधी कालव्यातून येतं आणि त्या कालव्याची दुरुस्तीसाठीची 'नहरबंदी' नेमकी उन्हाळ्याच्या तोंडावर असते. हे दिवस धरूनच साठवण ठेवा.

नागपूर-अकोल्याच्या माणसाला हे यंत्र शिकवायला नको. पुण्या-मुंबईहून बदलीवर गेलेल्यांचं मात्र हमखास चुकतं : कूलर खोलीत ठेवतात आणि एसीसारख्या दारं-खिडक्या लावून घेतात. तासाभरात खोलीची भट्टी जाऊन वाफारा होतो. कूलर खिडकीबाहेर, शक्यतो उत्तरेच्या सावलीत हवा, आणि समोरच्या बाजूला हवा निघून जायला दोन-तीन चौरस फूट वाट हवी.

गार हवा कमी वाटली तर आधी जाळी बघा. घासेवर पाणी सोडणाऱ्या वरच्या पन्हळीची भोकं क्षाराने बुजली की त्यांच्याखाली घासेत फिकट, कोरडा पट्टा दिसतो. हवा वाट काढते ती तिथूनच, आणि तशीच गरम आत येते. पातळ खिळ्याने भोकं मोकळी करा, घास खाली बसून वर फट पडली असेल तर तिथे मूठभर जास्त भरा. पंप नुसताच गुरगुरत असेल तर त्यात घासेचे तंतू अडकलेले असतात. त्याला बारीक जाळीची पिशवी बांधा. पंख्याची मोटार गुणगुणते पण फिरत नाही, हाताने ढकलल्यावर फिरते, तर बहुतेक कपॅसिटर, म्हणजे मोटार सुरू व्हायला मदत करणारा छोटा भाग, गेलेला असतो. मोटार बदलायची घाई नको. टाकीत बर्फ टाकणं हा शुद्ध खुळेपणा. किलोभर बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सातपट एक लिटर पाणी उडताना घेतं.

पत्र्याचे खरे दोष दोन. टाकीचे खालचे कोपरे गंजतात, म्हणून हंगामाआधी आतून डांबरी रंगाचा हात द्यावा लागतो. दुसरा दोष जिवावरचा : पत्रा, पाणी आणि वीज एकत्र. अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) लावा आणि पाणी भरताना प्लग काढाच. बटण बंद केलं, एवढ्यावर भागवू नका.

जुलैत पाऊस आला की खेळ संपतो. 36 अंश आणि 55 टक्के आर्द्रतेत कूलर 30 अंशांची दमट हवा देतो. त्यापेक्षा छताचा पंखा बरा, नाहीतर एसी. तेव्हा घास फेका, पंप काढून ठेवा आणि टाकीच्या भिंती ब्रशने खरवडून कोरड्या करा. नुसतं पाणी ओतून भागत नाही : डेंग्यूच्या डासाची अंडी पत्र्याला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहू शकतात आणि पुढच्या एप्रिलला टाकी भरली की उबतात.