पडवीतली जुनी माउंटन बाइक की दुकानातली नवी?

गणपतीला गावी आलेला माणूस पडवीत टांगलेली सायकल उतरवतो, नखाने गंज खरवडतो आणि विचारतो, "ही चालू करू की नवी घेऊ?" आमच्या गुहागरकडे हा प्रश्न मला दरवर्षी येतो. आमच्याकडचीही अशीच. काका आखातात होते, त्यांनी नव्वदच्या दशकात आणलेली. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) स्टीलची फ्रेम, २६ इंची चाकं, पुढे सस्पेन्शन नाही.

आधी सीटचा पिलर हलवून बघा. खाऱ्या हवेत स्टीलच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमचा पिलर वर्षानुवर्षं राहिला, की दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. फ्रेम तापवा, हा सल्ला कुणीही देईल. पण त्याच तापमानाला ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणजे दोन्ही तापले की पिलर आणखी आवळला जातो. उलट तो थंड करायचा. मी चार दिवस फटीत पातळ तेल सोडलं, मग बंदरावरून मासळीचा बर्फ आणून पिलरभोवती बांधला आणि सीट धरून पीळ दिला. पिलर निघाला. पडवीत दोन दिवस बांगड्याचा वास होता, आणि आईचं बोलणं त्याहून जास्त दिवस चाललं. तुमचा नाहीच निघाला, किंवा पॅडलच्या एक्सलजवळच्या नळीवर गंजाचे पापुद्रे सुटत असतील, तर पुढचं वाचू नका. नवी घ्या.

पिलर निघाला असेल तर खर्चाचं बोलू. माझं साडेपाच हजारांत भागलं: टायर-ट्यूब, साखळी, फ्रीव्हील, ब्रेकचे रबर, वायरी, छर्रे आणि मागच्या चाकाचा आउट काढायची मजुरी. माझे चार रविवार यात धरलेले नाहीत. दुकानातली साधी गिअरवाली बारा ते पंधरा हजारांना पडते, पण त्याच संध्याकाळी तुम्ही तिच्यावर बसून घरी येता. पोराला सोमवारपासून शाळेत जायचं असेल तर हा मुद्दा मोठा आहे.

चढावर दोघींत फार फरक नाही. खाडीवरून सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, येणारा चढ छातीवर येतो. तिथे पुढची २८ दात्यांची चकती आणि मागचं २८ चं फ्रीव्हील, म्हणजे पॅडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा, एवढं मिळालं की पुरतं. फरक पडतो तो सस्पेन्शनचा. स्वस्त नव्या सायकलीचा स्प्रिंगचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) जड असतो, चढावर प्रत्येक पॅडलला खाली-वर डुलतो, आणि समुद्राजवळ त्याचे दांडे लवकर गंजतात. जुनीच्या साध्या फोर्कमध्ये बिघडायला काही नाही. दोन इंची टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली की जांभ्याच्या वाटेवरही हात फार बधिर होत नाहीत.

ब्रेकमध्ये मात्र नवी जिंकते. पावसाळ्यात लाल चिखलाचे कण रबरात रुततात आणि रिम खरवडत राहतात. नवीच्या डिस्क ब्रेकला ते दुखणं नाही, तो रिमऐवजी चाकाच्या मधल्या चकतीला धरतो. जुन्यावर कँटिलिव्हर ब्रेक (दोन्ही हातांना वरून मधली वायर ओढते ते) असतील तर त्याच खुंट्यांवर लांब हातांचे व्ही-ब्रेक बसतात, पण व्ही-ब्रेकना वायर जास्त ओढावी लागते, म्हणून लिव्हरही बदलावे लागतात. आणि तुमची जुनी सायकल क्रोमच्या लोखंडी रिमची देशी असेल, तर ओल्या उतारावर ब्रेक नुसता घसरतो. ॲल्युमिनियमच्या रिम आधी घाला, रंगरंगोटी नंतर.

टायर घेताना '२६ इंची' एवढंच सांगून येऊ नका. माउंटन बाइकच्या टायरवर ५५९ हा आकडा बघा; टायर रिमवर जिथे बसतो तिथला तो मिलिमीटरमधला व्यास. २६ × १⅜ चा टायर ५९० चा असतो, तो माउंटन बाइकच्या रिमवर बसत नाही. दुकानदाराने मला तोच दिला होता.

जुळणी करायच्या आधी फ्रेमच्या नळ्यांत इंजिन ऑइल सोडून ती उलटीसुलटी फिरवा, आणि एक्सलखालचं पाणी निघायचं भोक तारेने मोकळं करा. ग्रीस ट्रॉलरच्या मेकॅनिककडून मागून आणा. खाऱ्या पाण्यात टिकणारं त्याच्याकडेच असतं, आणि डबाभर मासळीच्या बदल्यात तो छर्ऱ्यांच्या कटोऱ्याही बसवून देतो.