घरातला डीएनएस कॅशे: राउटरवरचा पुरेल की वेगळा रास्पबेरी पाय लावायचा?

साइट उघडायची म्हटली की फोन आधी डीएनएस सर्व्हरला तिच्या नावावरून आयपी पत्ता (तिचा इंटरनेटवरचा आकडी पत्ता) विचारतो. ते उत्तर घरातच साठवलं, म्हणजे कॅशे ठेवला, तर पुढच्या वेळी बाहेर जावं लागत नाही. किती वेळ साठवायचं, हे साइट चालवणारा टीटीएल या उत्तरासोबत येणाऱ्या मुदतीतून सांगतो. 300 सेकंद हा आकडा नेहमी दिसतो.

बऱ्याच राउटरमध्ये डीएनएसमास्क हा छोटा कॅशे आधीपासूनच असतो. त्याची मूळ क्षमता 150 नावांची, पण चार माणसांच्या घराला तेवढी सहसा पुरते. दुसरा पर्याय म्हणजे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर (पुढे नुसता 'पाय') अनबाउंड किंवा पाय-होल हे डीएनएस सॉफ्टवेअर चालवणं.

वेगासाठी पाय घेणार असाल तर घेऊ नका. डीएनएसचं उत्तर यायला किती वेळ लागला ते दाखवणारी डिग कमांड दोनदा चालवली की पहिलं उत्तर वीस-तीस मिलिसेकंदांत येतं आणि दुसरं शून्यात, हे खरं. पण ब्राउझर आणि विंडोज स्वतःचाही कॅशे ठेवतात, त्यामुळे रोजच्या वापरात हा फरक जाणवत नाही. व्हिडिओचं बफरिंग तर याने मुळीच कमी होत नाही. स्पीड टेस्ट छान येते आणि तरी पानं अडकतात, अशा वेळी दोष इंटरनेट कंपनीच्या डीएनएस सर्व्हरचा असू शकतो. राउटरमध्ये 1.1.1.1 किंवा 9.9.9.9 हा मोफत डीएनएस सर्व्हर टाकून बघा, खर्च शून्य.

पाय-होलचा खरा फायदा जाहिराती आणि ट्रॅकर घरभर अडवण्यात आहे. टीव्हीवर सहसा ॲड-ब्लॉकर टाकता येत नाही, तिथे तो कामाला येतो. मात्र अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस'ला ठरावीक सर्व्हर दिलेला असेल तर तो फोन पायला विचारतच नाही.

आता त्रास. राउटर इन्व्हर्टरवर आणि पाय साध्या प्लगवर असेल, तर लाइट गेली की वायफायचे दांडे पूर्ण दिसतात आणि एकही साइट उघडत नाही. घरच्यांच्या लेखी नेट गेलेलं असतं. यावर उपाय म्हणून राउटरमध्ये दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा 8.8.8.8 देतात, पण उपकरणं पाय चालू असतानाही त्याला विचारू शकतात आणि जाहिराती परत येतात.

शिळ्या उत्तरांचाही प्रश्न आहे. 'असं नाव नाही' हे उत्तरसुद्धा कॅशेत राहतं. नवं डोमेन (साइटचं नाव) घेऊन त्याच्या पत्त्याची नोंद टाकण्याआधीच उघडून पाहिलंत, तर नंतर सगळं बरोबर करूनही काही वेळ ते सापडत नाही. राउटर रीस्टार्ट केला की त्याचा कॅशे रिकामा होतो. पायवर ते कसं करायचं हे माहीत असलेलं माणूस घरात लागतं. तसं कुणी नसेल तर राउटरवरच थांबा.