बोडगेश्वराची जत्रा, दोन संध्याकाळी आणि तीनशे रुपये

मी राहते गोव्यात डिचोलीला आणि काम करते म्हापशातल्या एका औषधाच्या दुकानात. यंदा बोडगेश्वराची जत्रा आली तेव्हा धाकट्या भावाची कॉलेजची फी नुकतीच भरून झाली होती. बसभाडे बाजूला काढल्यावर आम्हा दोघांसाठी तीनशे रुपये उरत होते. तेवढ्यात दोन संध्याकाळी पोट भरून खाल्ले, म्हणून हे लिहिते आहे.

पहिली संध्याकाळ दर्शनाची. बोडगेश्वर म्हापशाचा राखणदार, हातात दांडा घेऊन शेताच्या कडेला उभा. रांग लांब होती, पण भराभर पुढे सरकली. फुलांना वीस रुपये गेले. दर्शनाच्या दिवशी आमच्या घरी शिवराकच, त्यामुळे त्या दिवशी अंडे-मासळीचा प्रश्नच नव्हता.

बाहेर पडल्या पडल्या जे स्टॉल दिसतात तिथे थांबू नका. पाळण्यांच्या आजूबाजूलाही नको. तिथे मिरची भजीची प्लेट पन्नासला होती. आत, भांडीवाल्यांच्या रांगेमागे एक मावशी स्टोव्ह मांडून बसल्या होत्या. त्यांच्याकडे तीसला सहा मिरच्या, त्याही कढईतून थेट कागदावर. पीठ पातळ, मिरची पोटात चिरून मीठ-लिंबू भरलेली. मी विचारले, "मावशी, फार तिखट नाही ना?" त्या म्हणाल्या, "ना गे बाय, खा तूं." खरेच तिखट नव्हती. दोन चहाचे तीस झाले.

आता खाजे, म्हणजे जत्रेतला गूळ-बेसनाचा गोड खाऊ. गोव्याच्या खाज्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळाले आहे, पण प्रत्येक ढिगातले खाजे सारखे नसते. मागच्या वर्षी एका दुसऱ्या जत्रेत मी घाईघाईत पाव किलो घेतले आणि घरी पुडी सोडली तर खवट तेलाचा वास. आईने तोंडात घातलेला तुकडा काढून ठेवला. तेव्हापासून मी समोर खाजे करणाऱ्याकडूनच घेते.

यंदाच्या खाजेकाराकडे आम्ही वीस मिनिटे उभे होतो. बेसनाच्या बोटाएवढ्या कांड्या आधीच तळून ठेवलेल्या. मोठ्या कढईत गूळ उकळत होता, त्यात आले ठेचून टाकले, तशी नाकाला झिणझिणी आली. पाकाला तार आल्यावर कांड्या आत लोटल्या, वरून पांढरे तीळ, आणि दोघे जण दोन्ही बाजूंनी लांब उलथन्यांनी ढवळू लागले. ढवळण्याचे काम जिकिरीचे. हात थांबला तर सगळ्याचा एक गोळा होतो. पाहता पाहता ओला, चकचकीत गूळ मंद होत गेला आणि प्रत्येक कांडीवर कोरडा, खडबडीत बसला. चांगल्या खाज्याची खूण हीच : बोटाला चिकटत नाही, मोडताना कट् आवाज येतो, आणि गोडाच्या मागून आले घशापर्यंत पोचते. पाव किलो साठ रुपये. गुलाबी रंगाचेही होते शेजारी. आम्हाला नको होते.

पहिल्या दिवसाचे एकशे चाळीस झाले. नंतर मंडपात मराठी नाटक होते, त्याला पैसे लागत नाहीत. शेवटच्या बसमुळे पहिला अंकच पाहता आला, याची हळहळ अजून आहे.

दुसऱ्या संध्याकाळी दुकान बंद करून रस ऑम्लेटचा गाडा गाठला. हा गाडा जत्रेपासून थोडा दूर, बाजाराच्या बाजूला, रोज अंधार पडला की लागतो. जत्रेतही रस ऑम्लेट मिळते, पण गर्दीत रस पुरवायला पाणी वाढवतात असा माझा अनुभव. इथे कोंबडीच्या शागोतीचा, म्हणजे वाटपाच्या मसालेदार रश्श्याचा, रस दाट असतो, भाजलेले खोबरे आणि खसखस जिभेला कळते. दोन अंड्यांचे ऑम्लेट, त्यावर डावभर रस, वरून बारीक कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड. प्लेट ऐंशीला, सोबत दोन पाव. आम्ही एकच प्लेट घेतली आणि चार जास्तीचे पाव वीस रुपयांना. भाऊ हळूच म्हणाला, "ताई, रस संपत आला." गाड्यावरच्या काकांनी ऐकले. आम्ही मागायच्या आत त्यांनी आणखी अर्धा डाव रस ओतला, त्याचे पैसे घेतले नाहीत. तसे ते सगळ्यांनाच घालत होते.

पाव कातरो प्रकारचा होता, संध्याकाळच्या भट्टीचा, आतून अजून ऊबदार. पोई, म्हणजे कोंडा लावलेला गोव्याचा पाव, मिळाली तर ती घ्या, कोंड्यामुळे ती रसात लगेच विरघळत नाही.

उणे सांगायचे तर गाड्याजवळ हात धुवायला एकच बादली, आणि जत्रेत कचऱ्याचे डबे दूरदूर. पाण्याची बाटली घरून भरून न्या. सुटे पैसेही न्या, गर्दीत मोबाइलवरून पैसे पाठवताना नेट अडकते आणि मागची रांग खोळंबते.

तीनशेतले साठ रुपये उरले. भाऊ म्हणाला, "आईला आणखी खाजे नेऊया." आम्ही परत त्याच खाजेकाराकडे गेलो. कढई चुलीवरच होती.